दुखरा हात आणि स्वयंपाकघरांतील अवजारें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. संधिवात हा डॉक्टर-वैद्यांचा प्रांत आणि स्वयंपाकघर हा गृहिणींचा. या दोहोंच्या मध्यें पनवेलच्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें येण्याचें कारण काय? कारण सांगतों. शाळेंत आम्हांला एक अनुभव वारंवार येत असे. एखादा मुलगा फळ्यावरचें चुकीचें उतरवून घेई. वर्गांतलीं मुलें त्याला वेंधळा म्हणत, घरचीं माणसें निष्काळजी म्हणत. पुढें केव्हां तरी त्याच्या नाकावर चष्मा येई आणि तोच मुलगा शेवटच्या बांकावरून बिनचूक लिहूं लागे. मुलगा तोच, डोळे तेच; मध्यें एक कांच तेवढी आली. डोळे अधू आहेत म्हणून त्यानें वाचन सोडून द्यावें, असें कोणी कधीं म्हणालें नाहीं.

हातांच्या बाबतींत मात्र आपला न्याय निराळा आहे. ज्या बाईनें चाळीस वर्षें घर जेवूं घातलें, तिचीं बोटें दुखूं लागलीं कीं आपण मोठ्या मायेनें म्हणतों, "आतां पुष्कळ झालें, तुम्ही स्वस्थ बसा." डोळ्यांसाठीं आपण कांच आणतों, आणि हातांसाठीं माणसालाच कामावरून उठवतों. हें योग्य आहे काय, आणि दुसरा कांहीं मार्ग आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम दुखण्याविषयीं थोडें. संधिवात हें एका रोगाचें नांव नव्हे. तें एक मोठें कुटुंब आहे. त्यांतील दोन प्रकार हातांना विशेष छळतात. पहिला झिजेचा. वय वाढतें तसें सांध्यांतील कूर्चेचें गुळगुळीत अस्तर विरत जातें आणि हाडांच्या कडांना गांठी येतात. बोटांच्या टोकांजवळचे सांधे आणि अंगठ्याचें मूळ हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. दुसरा प्रकार सुजेचा. यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते. हा तरुणपणींहि होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांमध्यें दुपटी-तिपटीनें अधिक आढळतो. सकाळीं उठल्यावर बोटें बराच वेळ ताठरलेलीं राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर माझ्या भाषणावर विसंबूं नये. लवकर डॉक्टरांना दाखवावें. या दुसऱ्या प्रकारावर आज चांगलीं औषधें आहेत, आणि तीं वेळेवर सुरू झालीं तर सांधे वांकडे होण्याचें पुष्कळसें टळतें.

औषधाचें महत्त्व पनवेलकराला सांगावयास नको. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना काढला तो आमच्याच गांवीं. लेप, तेल, काढा, गुग्गुळ हे शब्द आमच्याकडे लहानपणापासून कानांवर असतात. परंतु तेल चोळून झालें आणि गोळी घेऊन झाली, तरी शेगडीवरचें पातेलें उतरवायचें शिल्लक राहतेंच. औषधाचा गुण यायचा तेव्हां येईल. पातेलें आज उतरवायचें आहे.

तें उतरवतांना हातावर काय गुजरतें तें पाहूं. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत आपण एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या सांध्यावर सुमारें बारा किलोंचा दाब येतो, असें अभ्यासकांनीं गणित मांडून दाखविलें आहे. शाळेंत शिकवतात तो तरफेचाच हा नियम: टेंकूपासून लांबच्या टोकाला थोडें वजन असलें तरी टेंकूजवळ तोलून धरणारा जोर मोठा लागतो. आतां आपलीं महाराष्ट्रीय पातेलीं बहुधा बिनकानाचीं. तीं सांडशीनें धरावीं लागतात. दोन लिटर आमटी म्हटली म्हणजे भांड्यासकट तीन किलोंच्या आसपास वजन झालें, आणि तें सारें सांडशीच्या दोन बारीक दांड्यांवर, म्हणजे अखेरीस अंगठ्याच्या मुळावर. तरुण हाताला याचा पत्ताहि लागत नाहीं. झिजलेल्या सांध्याला तो प्रत्येक खेपेस लागतो.

माझ्या पत्नीच्या उजव्या अंगठ्याचें दुखणें असेंच वाढलें. तिनें त्याविषयीं फारसें बोलून दाखविलें नाहीं. बरणी उघडायची झाली कीं "जरा हें बघा" म्हणून ती माझ्या हातीं देई. नारळ खवण्याची वेळ आली कीं त्या दिवशीं नारळाचा पदार्थच टळे. एका होळीच्या आदल्या दिवशीं ती म्हणाली, "यंदां पोळ्या बाजारांतूनच आणूं या." ज्या घरांत होळीच्या पोळीला कधीं बाहेरचा हात लागला नव्हता, त्या घरांत हें वाक्य ऐकल्यावर दुखणें कोठवर आलें आहे तें आम्हां सर्वांना कळलें. पुढें मुंबईच्या एका रुग्णालयांत डॉक्टरांनीं तपासून तिला व्यवसायोपचार विभागाकडे पाठविलें. तेथल्या तरुण बाईंनीं हात पाहिला आणि म्हटलें, "काकू, तुम्ही गॅसवरून पातेलें कसें उतरवतां, तें करून दाखवा बरें." तोंवर कोठें दुखतें हें सर्वांनीं विचारलें होतें, काम कसें करतां, हें विचारणारी ती पहिलीच.

ही विचारण्याची विद्या आपल्या देशांत रुजली ती मुंबईंत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकेंत जन्मलेल्या बाई १९३० च्या सुमारास विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून भारतांत आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. मध्यम वयांत त्यांनीं पुन्हां अमेरिकेस जाऊन व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें, आणि १९५० सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची भारतांतील पहिली शाळा सुरू केली. १९५२ सालीं या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षाहि त्याच. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेला त्यांचेंच नांव आहे. या विद्येचें सूत्र अगदीं साधें आहे. माणसाला त्याच्या रोजच्या कामांतूनच बळ द्यावें. आणि जें दुखणें पुरतें जाणार नाहीं, त्याच्यासाठीं कामाची रीत व कामाचें अवजार बदलावें.

त्या तरुण बाईंनीं जें सांगितलें, तें मीं मास्तरकीच्या संवयीप्रमाणें चार सूत्रांत लिहून ठेवलें आहे. पहिलें: बारीक दांड्यापेक्षां जाड मूठ चांगली, मुठींत वस्तु जितकी कमी आवळावी लागेल, तितका सांधा सुखी. दुसरें: बोटांचें काम तळहाताकडे, तळहाताचें कोपर-खांद्याकडे सोंपवावें, ओझें नेहमीं मोठ्या सांध्यानें वाहावें. तिसरें: उचलण्याऐवजीं सरकवावें, आणि उचलणें भागच असेल तर दोन्ही हातांनीं. चौथें: पिळणें टाळावें, आणि एकाच स्थितींत हात फार वेळ आवळून धरूं नये. बाजारांत कोणतेंहि नवें साधन दिसलें तर तें या चार कसोट्यांवर घांसून पाहावें. आतां एकेक वस्तु घेऊं.

पातेल्यापासूनच आरंभ करूं. त्याच्या जागीं दोन कानांचें भांडें आणणें हा पहिला आणि सर्वांत मोठा बदल. दोन्ही हातांत जाड कापडी पिशव्या किंवा हातमोजे घालून दोन तळहातांनीं तें धरलें कीं अंगठ्याची चिमटी सुटते. मोठें भांडें रिकामें करावयाचें तर तें ओतूं नये, डावानें वाढून घ्यावें. पाणी भरलेलें भांडें नळापासून शेगडीपर्यंत नेण्याऐवजीं रिकामें भांडें शेगडीवर ठेवून तांब्यानें पाणी घालावें. बटाटे उकडावयाचे असतील तर ते छिद्रांच्या टोपलींत घालून ती टोपली भांड्यांत ठेवावी. मग उकळतें पाणी निपटण्याचा प्रसंगच येत नाहीं, टोपली तेवढी वर काढावी.

दुसरी वस्तु आपली विळी. हिच्याविषयीं मला विशेष आदर आहे. सुरीनें चिरतांना मूठ सतत आवळावी लागते. विळीचें पातें पाटाला पक्कें, पाट पायाखालीं पक्का, आणि दोन्ही हात भाजीपुरते मोकळे. म्हणजे अवजार धरण्याचें काम हातांकडून काढून पायाला व शरीराच्या भाराला दिलेलें आहे. आपल्या पूर्वजांनीं सूत्रें लिहिलीं नाहींत, परंतु दुसरें सूत्र त्यांना पाठ होतें असें दिसतें. विळीचा दोष एवढाच कीं तिच्यासाठीं जमिनीवर बसावें लागतें, आणि ज्याचीं बोटें दुखतात त्याचे गुडघेहि बहुधा दुखत असतात. यावर उपाय म्हणून मेजाच्या किंवा ओट्याच्या कडेला कसून बसविण्याची विळी मिळते; ती खुर्चीवर बसून वापरतां येते. मात्र एक इशारा दिला पाहिजे. ज्यांच्या बोटांना बधिरपणा आहे, मधुमेहानें किंवा नस दबल्यानें ज्यांना स्पर्श नीट कळत नाहीं, त्यांनीं विळी दूर ठेवावी. जी बोटें दुखतात तीं निदान सावध तरी करतात. बधिर बोटें कापलेलींहि सांगत नाहींत.

विळीच्याच टोंकाला असते ती खवणी. कोंकणांतल्या घरांतून नारळ हा रोजचा, आणि खवतांना करवंटी पिळत दाबावी लागते. म्हणजे आपलें चौथें सूत्र रोज मोडतें. हल्लीं ओट्याला रबरी बुडानें चिकटून बसणारी, दांडा गरगर फिरविण्याची खवणी मिळते. तींत फिरविण्याचा जोर खांद्यांतून येतो. तरीहि दुसऱ्या हातानें करवंटी दाबून धरावी लागतेच. तेव्हां ज्यांचे दोन्ही हात दुखतात त्यांनीं खवलेला नारळ विकत आणावा आणि त्यांत कमीपणा मानूं नये.

कणीक मळणें हें बोटांच्या पेरांना फार जड. यावर उपाय अर्धा अवजाराचा आणि अर्धा धीराचा आहे. कणीक कोमट पाण्यानें सैलसर कालवून अर्धा तास झांकून ठेवावी. तेवढ्या वेळांत पीठ आपलें आपण मुरतें आणि मग तळहाताच्या टाचेनें थोडें दाबलें तरी पुरतें. मळण्याचें यंत्र असेल तर उत्तमच. लाटणें जाड व वजनदार घ्यावें, आणि बोटांनीं न आवळतां उघड्या तळव्यांखालीं तें फिरवावें. पोळपाटाखालीं ओलें फडकें घातलें कीं तो सरकत नाहीं, आणि त्याला धरून ठेवण्यांत जाणारी शक्ति वांचते. लाटणाऱ्याची खुर्ची उंच असावी, म्हणजे जोर मनगटाचा न लागतां खांद्यांचा लागतो.

बरण्यांच्या झांकणांविषयीं काय सांगावें? आजीच्या काळच्या चिनी मातीच्या बरणीला फडकें बांधलेलें असे. तें सोडायला जोर लागत नसे. आजच्या फिरकीच्या झांकणानें लोणच्याचें संरक्षण होतें, अंगठ्याचें होत नाहीं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून झांकणाभोंवतीं गुंडाळला तर पकड एकदम वाढते. बरणी ओल्या फडक्यावर ठेवावी, झांकणावर बोटें न लावतां तळहात दाबावा आणि खांद्यापासून सबंध हात फिरवावा. मांडणीच्या फळीखालीं स्क्रूनें बसविण्याचें दांतेरी पाचरीच्या आकाराचें एक साधन मिळतें; झांकण त्यांत अडकवून दोन्ही हातांनीं बरणीच फिरवावयाची. नव्या हवाबंद बरणीच्या झांकणाखालीं चमच्याची कड घालून थोडी हवा आंत सोडली, तर निम्में काम आधींच होतें.

विजेच्या मिक्सरनें पाट्यावरवंट्याचें काम उचललें, तो हातांवरचा एक मोठा उपकारच होय. १९६० नंतरच्या दशकांत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनीं आपल्याकडील वाटणाला पुरून उरेल असा 'सुमीत' मिक्सर बनविला, तेव्हांपासून लक्षावधि घरांतले खांदे सुटले. परंतु नवें यंत्र नवी अडचणहि आणतें. कांहीं मिक्सरांचें भांडें पिळून बसवावें लागतें, कांहीं कुकरांचें झांकण बोटांनीं तिरपें करून आंत घालावें लागतें, कांहींचें जोरानें फिरवावें लागतें. कोणतें चांगलें, हें सर्वांसाठीं एकच सांगतां येणार नाहीं; ज्याच्या हाताचा जो सांधा दुखतो त्यावर तें अवलंबून आहे. म्हणून ज्याला वापरावयाचें आहे त्यानें स्वतः दुकानांत जाऊन, चारदां उघडून आणि चारदां लावून, मगच पैसे द्यावेत. मुलानें घरबसल्या मागवून आईला भेट द्यावी, अशी ही वस्तु नव्हे.

कांहीं किरकोळ गोष्टी आहेत. त्यांची किंमत थोडी आणि सोय मोठी. दुधाची पिशवी दातांनीं किंवा नखांनीं फाडूं नये. आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री ओट्याजवळ टांगून ठेवावी. नळाची गोल चावी काढून कोपरानें ढकलतां येईल असा लांब दांड्याचा नळ बसवावा. शस्त्रक्रियागृहांत डॉक्टर तसाच वापरतात. गॅसच्या सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो आणि टांकीचें वजन जवळजवळ तितकेंच निराळें. त्याला चाकांची बैठक द्यावी. भांडीं घांसण्यास कोमट पाणी घेतलें तर ताठरलेलीं बोटें त्याच पाण्यांत मोकळीं होतात. रोजच्या वस्तु कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर ठेवाव्यात, आणि दिवाळीचीं पितळी भांडीं माळ्यावर राहूं द्यावींत.

आतां थोडें देशाबाहेर पाहूं; कारण ज्या साधनांची आज दुकानांतून चलती आहे, त्यांतील एकाचा जन्म अशाच एका घरांत झाला. सॅम फार्बर नांवाचे एक अमेरिकन व्यापारी स्वयंपाकाचीं भांडीं बनविण्याच्या धंद्यांतून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता, आणि भाजीचें सोलाणें धरतांना त्यांना त्रास होई. सोलाण्याचा दांडा म्हणजे धातूची एक अरुंद पट्टी. आपल्याकडेहि बहुधा तोच. फार्बरांनीं एका आरेखन-संस्थेच्या मदतीनें जाड, रबरी, बोटांना थारा देणाऱ्या मुठीचें सोलाणें बनविलें आणि १९९० सालीं 'ऑक्सो' या नांवानें तें बाजारांत आणलें. त्याच्या मुठीची कल्पना सायकलच्या रबरी मुठीवरून सुचली असें सांगतात. यांतली खरी शहाणपणाची गोष्ट पुढेंच आहे. त्यांनीं तें 'रोग्यांचें सोलाणें' म्हणून विकलें नाहीं. दुखऱ्या हाताला जें सोपें, तें धडधाकट हातालाहि सोपेंच, हें ओळखून तें सर्वांसाठीं म्हणून विकलें, आणि सर्वांनीं तें घेतलें.

त्यापूर्वीं, १९७४ च्या सुमारास, स्वीडनमध्यें मारिया बेंक्ट्सॉन आणि स्वेन-एरिक युलीन या आरेखकांनीं पाव कापण्याची एक सुरी तयार केली होती. तिची मूठ पात्याच्या सरळ रेषेंत नसून करवतीच्या मुठीसारखी उभी आहे. त्यामुळें कापतांना मनगट वांकत नाहीं, आणि जोर दंडांतून येतो. ही सुरी प्रथम पाहिली तेव्हां मला आमचे सुतारच आठवले. एके काळीं पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होतें. घाट चढणाऱ्या गाड्यांना येथलीं चाकें लागत. लांकडाची मूठ हाताला कशी बसवावी, हें ज्या गांवच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, त्या गांवांत आपण परदेशी मुठीची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. आजहि कोणताहि चांगला सुतार डावाच्या, उलथन्याच्या किंवा झाऱ्याच्या बारीक दांड्यावर लांकडाची जाड मूठ बसवून देईल. तेंहि नको असेल तर सायकलच्या दुकानांतून रबरी मुठींची एक जोडी आणावी. तीन-चार अवजारांना आळीपाळीनें पुरते. आमच्या घरीं ती सोलाण्याला व किसणीला लागली आहे.

परंतु अवजार आणलें म्हणजे तें वापरलें जाईल, असें समजूं नका. माझ्या पत्नीनें तें जाड मुठीचें सोलाणें पहिले कांहीं दिवस खणांत ठेवून दिलें होतें. तिचें म्हणणें, "हें पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेल कीं माझा हात कामांतून गेला." दुखणें तिनें लपविलें होतें तें याच भीतीनें. आपल्याकडे स्वयंपाकघर हें श्रमाचें ठिकाण आहे, तसेंच तें अधिकाराचेंहि आहे. आज काय रांधावयाचें, कोणाला काय रुचतें, पाहुण्याला किती आग्रह करावयाचा, हें जी ठरविते तिचा घरांत शब्द असतो. हात गेला कीं हा शब्दहि जाईल, असें तिला वाटतें. आणि आपण "स्वस्थ बसा" म्हणतों तेव्हां तिचें हें भय खरेंच करून दाखवतों. पुढें तें सोलाणें माझ्या नातीनें बटाटे सोलायला घेतलें. मग सुनेनें घेतलें. मग मींहि घेतलें. तें सर्वांचें झालें तेव्हां तिनें घेतलें. पुढच्या होळीला पुरणयंत्राचा दांडा नातीनें फिरविला, दोन कानांचें भांडें आम्हीं दोघांनीं उतरविलें, आणि पोळ्या तिनें लाटल्या. आकारानें लहान होत्या, संख्येनेंहि थोड्या. बाजाराच्या नव्हत्या.

यावरून दोन गोष्टी मला सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, सोयीचें अवजार घरांत आणावयाचें तर तें सर्वांसाठीं म्हणून आणावें. दुसरी ही कीं, अवजार हें मदतीला पर्याय नव्हे. जाड मूठ आणून दिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें घरांतल्या पुरुषांनीं मानूं नये. सिलिंडर फिरविणें, मोठें भांडें उतरविणें, नारळ फोडणें हीं कामें ज्याचा हात धड आहे त्याचीं आहेत, मग तो पुरुष असो कीं स्त्री. आणि ज्या बाईला मनापासून विश्रांति हवी असेल, तिला ती अवश्य मिळाली पाहिजे. माझें म्हणणें एवढेंच कीं हा निर्णय तिचा तिनें घ्यावा. बारीक दांड्याच्या सांडशीनें तो तिच्यावर लादूं नये.

समाजाच्या आणि सरकारच्या दृष्टींतूनहि ही गोष्ट निसटलेली आहे. २०१७ सालीं केंद्र सरकारनें गरीब वृद्धांना साधनें देण्यासाठीं राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. २०२४ सालीं आपल्या राज्यानें मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून पांसष्ट वर्षांवरील गरजू नागरिकांना अशा वस्तु घेण्यासाठीं एकरकमी तीन हजार रुपये देण्याचें ठरविलें. दोन्ही योजना स्तुत्य आहेत. त्यांतील वस्तूंकडे पाहिलें तर चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी आहे, चाकांची खुर्ची आहे, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा आहे. पाहणें, ऐकणें, चालणें, बसणें यांची सोय झाली. रांधण्याची मात्र कोणाला आठवण झाली नाहीं. हाताचें दुखणें काठीसारखें रस्त्यावर दिसत नाहीं, तें चार भिंतींच्या आंत राहतें, म्हणूनच बहुधा असें होत असावें. पुढें कधीं अशी यादी नव्यानें होईल तेव्हां तींत स्वस्त रबरी मूठ आणि फळीखालचें झांकण उघडण्याचें साधन यांना जागा मिळावी, अशी माझी विनंति आहे. ज्या वृद्ध स्त्रिया एकट्या राहतात, त्यांच्यासाठीं हा प्रश्न मानाचा नसून रोजच्या जेवणाचा आहे.

भाषण संपविण्यापूर्वीं, मास्तर या नात्यानें, गृहपाठ दिल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. उद्यां सकाळीं आपल्या स्वयंपाकघरांत अर्धा तास उभे राहा आणि फक्त हातांकडे पाहा. घरांतल्या वडीलधाऱ्या बाईला बरणी उघडतांना, पातेलें उतरवितांना, नळ बंद करतांना पाहा. कोठें हात थबकतो, कोठें दुसरा हात मदतीला धांवतो, कोणतें काम हळूच दुसऱ्याकडे सरकवलें जातें, तें एका कागदावर लिहून काढा. मग तो कागद तिच्यापुढें ठेवा आणि विचारा कीं यांतलें पहिलें काय बदलूं? बहुतेक घरांत तिचें उत्तर तयार असेल. विचारलें कोणी नसेल इतकेंच. त्यांतली एक वस्तु या महिन्यांत बदला, दुसरी पुढच्या महिन्यांत.